अर्धवट उभी शेड

"ताई, मोमेंट म्हणजे नक्की काय असतं गं?"

रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि माझा भाऊ व्हिडिओ कॉलवर, हातात भाताचा घास तसाच धरून, हे विचारत होता. तो कोल्हापुरात आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्यांना इंडस्ट्रियल बिल्डिंगचं सबमिशन आलं होतं. २० मीटर स्पॅनची पोर्टल फ्रेमची शेड. प्लॅन, सेक्शन आणि सांध्यांचे मोठ्या स्केलचे डिटेल. पठ्ठ्याने कुठूनतरी एक सेक्शन उचलून शीट पूर्णही केली होती. सरांनी खांब आणि छप्पर मिळतात त्या कोपऱ्यावर पेन्सिल टेकवून विचारलं, "हे इथेच जाड का केलंय?" हा म्हणाला, "सर, छान दिसतं." वर्ग हसला, शीट परत आली.

माझ्याकडे सिव्हिलची डिग्री आहे आणि मी आयुष्यात एक वीटही लावलेली नाही. कॅम्पसमधून थेट सॉफ्टवेअरमध्ये गेले. पण मागच्या दाराने सिव्हिलमध्येच राहिले म्हणा, कारण आमची कंपनी लोखंडी शेडचं डिझाइन करणारं सॉफ्टवेअर बनवते. दिवसभर मी पोर्टल फ्रेमच बघत असते, स्क्रीनवर. निळ्या रेषांची, वजन नसलेली.

मी त्याला म्हटलं, आंब्याची फांदी आठव. गावाकडे आपण चौघं त्या फांदीवर बसायचो. बुंध्याजवळ बसलं तर काही होत नाही. शेंड्याकडे सरकत गेलं की फांदी कुरकुरते. आणि मोडते कुठे? आपण बसलोय तिथे नाही, खोडातून फुटते तिथे. माणसाचं वजन तेच, पण अंतर वाढलं की वाकवण्याची ताकद वाढते. तो मोमेंट. आणि फांदी खोडापाशी जाड असते ती छान दिसायला नाही.

"म्हणजे तो कोपरा..."

"तो खोडापाशी आहे."

पुढचा तासभर मी त्याला जे सांगितलं ते इथे थोडक्यात सांगते, कारण पुढच्या गोष्टीला ते लागणार आहे. जुन्या शेडमध्ये खांबांवर कैची ठेवतात. कैची म्हणजे ट्रस. अँगलचे तुकडे जोडून केलेले त्रिकोण. त्रिकोणाची गंमत अशी, की तो बाजूंची लांबी बदलल्याशिवाय आकार बदलू शकत नाही. चौकोन मात्र लोळतो. काड्यापेटीचा आतला खण काढून बाहेरचं कव्हर बोटाने ढकलून बघा, कसं आडवं होतं. पोर्टल फ्रेममध्ये त्रिकोण नाहीतच. दोन खांब, त्यांच्यावर तिरके दोन वासे, मध्ये आढं. हा सांगाडा लोळू नये म्हणून कोपरेच इतके घट्ट करायचे की खांब आणि वासा यांच्यातला कोन बदलताच कामा नये. कैचीत जे काम त्रिकोण करतात ते इथे कोपरा एकटा करतो. म्हणून तो जाड. त्या जाड भागाला हॉन्च म्हणतात.

भावाला आकडे हवे होते. मग घेतलं त्याचंच उदाहरण. २० मीटर स्पॅन, ६ मीटर उंच खांब, आढं त्याहून १ मीटर वर, खांब पायाशी बिजागरीसारखे, सगळीकडे सारखाच सेक्शन, आणि वाशांवर दर मीटरला ६ किलोन्यूटन भार, म्हणजे साधारण ६०० किलो. नुसती तुळई दोन भिंतींवर टेकवली असती तर मध्यावर ३०० किलोन्यूटन-मीटरचा मोमेंट आला असता. पोर्टलमध्ये तो वाटला जातो. कोपऱ्यांत सुमारे १६०, आढ्याशी सुमारे ११२. कोपऱ्याने ओझं अंगावर घेतलं म्हणून मधल्या भागाची सुटका झाली. अर्थात फुकट काहीच नसतं. खांबांचे पाय बाहेर सरकू बघतात, तेही जवळजवळ २७ किलोन्यूटनच्या जोराने. फुगडीत हात सुटले तर पोरी मागे पडतात. ही उलटी फुगडी, दोघी एकमेकींवर रेलल्यात आणि पाय घसरतायत. ते पाय धरून ठेवायचं काम पायातल्या बोल्टांचं.

"हे सगळं शोधलं कोणी?" त्याने विचारलं. एका माणसाचं नाव सांगता येणार नाही, पण मला आवडणारा एक माणूस आहे, इंग्लंडमधला प्राध्यापक जॉन बेकर. महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा, १९४१ साली, त्याने घरात ठेवायचा एक लोखंडी पिंजरा डिझाइन केला. गृहमंत्र्याच्या नावावरून त्याला मॉरिसन शेल्टर म्हणत. दिवसा त्यावर जेवायचं, रात्री त्याच्याखाली झोपायचं. वरचा मजला कोसळला तर हे टेबल वाकायचं, चेपायचं, पण चिरडायचं नाही. लोखंड एका जागी वाकायला लागलं म्हणजे लगेच सगळं संपत नाही, तिथे एक बिजागरी तयार होते आणि भार दुसरीकडे सरकतो, हा त्याचा विचार. पायाशी बिजागरी असलेली पोर्टल फ्रेम कोसळायला अशा आणखी दोन बिजागऱ्या तयार व्हाव्या लागतात. युद्धानंतर इंग्लंडमधल्या कारखान्यांच्या शेड याच विचाराने हलक्या होत गेल्या. घाबरलेल्या कुटुंबाच्या जेवणाच्या टेबलापासून गोदामापर्यंत आलेला हा हिशोब मला कॉलेजात कोणी नीट शिकवला नव्हता. नोकरीला लागल्यावर एका कंटाळवाण्या दुपारी वाचला.

हे सगळं झाल्यावर भाऊ म्हणाला, "सर म्हणालेत, एखादी चालू साइट बघून ये. पप्पांना विचारू का?"

मी लगेच काही बोलले नाही.

आमचे पप्पा कुपवाडला फॅब्रिकेशन करायचे. कैच्यांचे. मी लहान असताना आमच्या घरामागच्या पत्र्याच्या वर्कशॉपमध्ये जमिनीवर खडूने अख्खी कैची काढलेली असायची, खऱ्या मापाची. त्यावर अँगल मांडायचे, गसेट प्लेटला टाके मारायचे, मग पूर्ण वेल्डिंग, मग रेड ऑक्साइड. त्या खडूच्या रेषांवर मी लंगडी घातलेली आहे. रेट किलोवर असायचा. संध्याकाळी ट्रक वजनकाट्यावर गेला की काट्याची पावती पप्पा दोनदा वाचायचे.

मग शेड बदलल्या. आधी तयार जॉइस्ट वापरून पोर्टल यायला लागले, आणि मग प्री-इंजिनिअर्ड. त्यात खांब आणि वासे कारखान्यातच प्लेट कापून, वेल्ड करून येतात. पायाशी निमुळते, कोपऱ्यात रुंद, म्हणजे मोमेंट जिथे जास्त तिथेच लोखंड जास्त. ट्रेलरवरून उतरवायचे आणि बोल्ट मारायचे. खडूच्या रेषांची गरजच नाही. सरकारी मानक संस्थेची दोन हँडबुकं मी कॉलेजच्या लायब्ररीत बघितली होती, एक कैच्यांच्या शेडचं आणि एक पोर्टलच्या शेडचं, दोन्ही १९८७ ची. शेजारीशेजारी ठेवलेली. मला वाटायचं, एकात आमचं घर आहे आणि दुसऱ्यात माझी नोकरी.

काम कमी झालं तसे पप्पा उभारणीची लेबर कंत्राटं घ्यायला लागले. दुसऱ्याच्या कारखान्यातून आलेल्या फ्रेम उभ्या करून द्यायच्या. आणि २०१० च्या मे महिन्यात कऱ्हाडच्या पुढे एका गावाबाहेर त्यांनी उभ्या केलेल्या चार फ्रेम वळवाच्या वाऱ्यात पडल्या. एका हेल्परचा पाय गुडघ्याखाली गेला. मी चौदा वर्षांची होते, भाऊ सातचा. घरात एवढंच कळलं की वारा आला. बिल अडकलं, हायड्रावाल्याचे पैसे अंगावर आले, आईच्या पाटल्या गेल्या. त्यानंतर पप्पांनी ग्रिल, गेट आणि शटर एवढंच केलं. उभारणीच्या साइटवर ते परत गेले नाहीत. तो हेल्पर आता नाक्यावर पंक्चरचं दुकान चालवतो आणि दर दिवाळीला आमच्याकडे फराळाला येतो. पप्पा त्याच्या पायाकडे बघत नाहीत. तोच बिचारा आपणहून इकडचं तिकडचं बोलत राहतो.

तर अशा माणसाला साइट दाखवायला घेऊन चला म्हणून कसं सांगायचं? भावाने मात्र सरळ फोन केला. तो धाकटा आहे, त्याला असल्या अडचणी येत नाहीत. पप्पा म्हणाले, "शनवारी ये. बघू."

शनिवारी मीही पुण्याहून आले. पप्पांच्या ओळखीतल्या एकाची शेड गावाबाहेर उभी राहत होती. सात फ्रेमची, त्यातल्या तीन उभ्या, चौथी जमिनीवर जोडून तयार. हायड्रा बाजूला घरघरत होता. भाऊ फोटो काढत सुटला. मी, खरं सांगते, थोडी भारावले होते. जी गोष्ट मी वर्षानुवर्षं स्क्रीनवर माउसने गोल फिरवते, तिच्याखाली उभं राहिल्यावर मान दुखेपर्यंत वर बघावं लागतं. हॉन्च माझ्यापेक्षा मोठा होता. बोल्टावर खडूने टिकमार्क केलेले होते, घट्ट केल्याची खूण. असली खूण माझ्या सॉफ्टवेअरमध्ये नसते.

पप्पा गेटपाशीच थांबले होते. चप्पल काढायची का नाही असा विचार करत देवळाबाहेर थांबावं तसे. मग आत आले, वर न बघता थेट पायापाशी गेले, बेसप्लेटचे बोल्ट बघितले आणि सुपरवायझरला विचारलं, "ब्रेसिंगचा बे कुठला?"

सुपरवायझर माझ्याच वयाचा. "काका, रॉड यायचेत. सोमवारी."

"आणि पर्लिन?"

"दोन-दोन टाकलेत की."

"आणि दोर?"

दोर दोन फ्रेमना होते. पहिलीचे सोडलेले होते.

पप्पा काही बोलले नाहीत. तिसऱ्या फ्रेमच्या बरोबर खाली जाऊन उभे राहिले. सुपरवायझर म्हणाला, "काका, बाजूला व्हा, फ्रेम उचलायचीय." ते म्हणाले, "उचल की." आणि हलले नाहीत.

भावाने माझ्या कानाशी विचारलं, "एवढं काय झालंय? एवढ्या भक्कम फ्रेम आहेत." मी खिशातून व्हिजिटिंग कार्ड काढलं. उभं धरून कडेवर वरून दाबलं तर थोडा भार घेतं. आता बाजूने फुंकर मार, म्हटलं. कार्ड लवलं. पोर्टल फ्रेम तिच्या स्वतःच्या पातळीत पैलवान असते. जो १६० चा मोमेंट मी अभिमानाने सांगितला तो त्या पातळीतला. त्याच्या काटकोनात, शेडच्या लांबीच्या दिशेने, ती जवळजवळ काहीच नाही. तिथे ती उभी राहते ती शेजारणीच्या आधाराने : पर्लिन, आणि एका बेमधले फुलीसारखे लावलेले रॉड. पहिल्या दोन फ्रेम या फुलीने बांधल्या की एक खोका तयार होतो आणि बाकीच्या त्याला धरून उभ्या राहतात. तो खोका नसेल, तर तीन काय आणि सात काय, सगळ्या एकमेकींचा हात धरून उभ्या असलेल्या आंधळ्या. एक कोसळली की ती दुसरीला ओढते.

पप्पांनी हे ऐकलं असावं. आमच्याकडे न बघता म्हणाले, "पर्लिननीच वढलं. पैल्या फ्रेमनं दुसरीला, दुसरीनं तिसरीला. आवाज न्हाई आला काय. पत्रा फाटल्यावानी थोडा. मग धूळ."

आणि मग, हायड्रा चालू असताना, सुपरवायझर समोर उभा असताना, त्यांनी जे चौदा वर्षांत घरात सांगितलं नव्हतं ते सांगितलं. पर्लिनचा ट्रक आला नव्हता. कंपनी म्हणाली, आज येईल, उद्या येईल. हायड्राचं भाडं तासावर. तो रिकामा उभा ठेवला तर दिवसाचा नफा त्यातच जात होता. दोर होते तेवढे तीन फ्रेमना पुरले. चौथी उचलायची म्हणून त्यांनी पहिलीचे दोर सोडून चौथीला लावले.

"मीच सोडलं," पप्पा म्हणाले. "पोरगं म्हणत हुतं, मालक, वारं सुटलंय. म्हटलं, अर्ध्या तासाचं काम हाय."

भावाने मोबाईल खाली घेतला. इतकी वर्षं आमच्या घरात वारा आरोपी होता. आता मला त्या अर्ध्या तासाचा हिशोब करता येत होता, आणि करायचा नव्हता. कंपनीने पर्लिन वेळेवर पाठवले असते तर, हे खरं. त्या कंपनीचं तेव्हा कोणी नावही घेतलं नाही, हेही खरं. पण ते दोर पप्पांनी सोडले होते, आणि ते वाक्य त्यांच्या तोंडून ऐकल्यावर माझ्या मनातली कंपनीविरुद्धची जुनी केस जरा ढिली पडली. पप्पांबद्दल राग आला का? आला, थोडा. ते तिथून हलत नव्हते हे बघून गेलाही.

शेवटी चार वाजता सुपरवायझरने वैतागून दोर मागवले. पहिल्या फ्रेमला दोन्ही बाजूंनी बांधले, टर्नबकल पिळले. पप्पांनी प्रत्येक दोराला हाताने झटका देऊन बघितला आणि मगच बाजूला झाले. सुपरवायझर पुटपुटला, "काका, एवढा कुठला वारा येतोय?"

त्या संध्याकाळी वारा आलाच नाही. साधं पानही हललं नाही. आम्ही परत येताना रसवंतीवर थांबलो.

रस पिताना पप्पांनी मला विचारलं, "तुझ्या कॉम्प्युटरमधी हे येतंय का? अर्धी उभी आसताना काय हुतंय ते?"

येत नाही. आमचं सॉफ्टवेअर इमारत पूर्ण झाली असं धरूनच चालतं. सगळे पर्लिन जागेवर, सगळे ब्रेसिंग ताणलेले, पत्रे ठोकलेले. त्यावर मग आम्ही वाऱ्याचा भार लावतो, भूकंपाचा लावतो, आयएस ८०० च्या कलमांतून एकेक प्लेट गाळून काढतो. माझं स्वतःचं काम तर वजन कमी करण्याचं आहे. एखादी प्लेट ८ मिलिमीटरची असेल तर ६ ची चालेल का, हे पुन्हा पुन्हा विचारत राहणारा कोड मी लिहिते. मी पप्पांना एकदा हे अभिमानाने सांगितलं होतं तेव्हा ते हसून म्हणाले होते, "म्हंजे मी किलोवर जगलो आणि तू किलो कमी करून जगतीस." आणि फ्रेम जितकी सडपातळ, तितकी ती अर्धवट असताना बाजूच्या वाऱ्याला जास्त भिते. हे मला माहीत होतं. पुस्तकात वाचलेलं माहीत असतं तसं.

सोमवारी ऑफिसात मी एक तिकीट टाकलं. फार मोठं नाही मागितलं. ड्रॉइंगच्या पहिल्या पानावर उभारणीचा क्रम यावा, कुठला बे आधी बांधायचा ते ठळक दिसावं, आणि त्या बेच्या आधी एकटी फ्रेम किती वारा सोसेल याचा एक आकडा. मॅनेजर चांगला माणूस आहे, त्याने वाचलं. म्हणाला, कल्पना बरी आहे, पण ग्राहक त्याचे पैसे देणार नाही. आणि एकदा आकडा छापला की जबाबदारी आपली. "उभारणी हा लेबर कॉन्ट्रॅक्टरचा स्कोप आहे," तो म्हणाला.

मी त्याला सांगितलं नाही की तो लेबर कॉन्ट्रॅक्टर मला ओळखीचा आहे. सांगायला हवं होतं बहुतेक. तिकीट अजून उघडं आहे. दर महिन्याला मी त्यावर एक ओळ लिहिते, म्हणजे ते आपोआप बंद होत नाही. क्रमाचा भाग मात्र मी संध्याकाळी बसून लिहायला घेतलाय. फ्रेमना नंबर आहेत, ब्रेसिंग कुठे आहे ते सॉफ्टवेअरला ठाऊकच आहे, त्यामुळे नुसता क्रम छापणं अवघड नाही. आकड्याचं अवघड आहे. एकटी फ्रेम पायाच्या चार बोल्टांवर बाजूला किती तग धरते हे बेसप्लेटवर, बोल्टांच्या जागेवर, खालच्या काँक्रीटवर, इतक्या गोष्टींवर अवलंबून आहे की जो आकडा निघतो तो सांगायला भीती वाटते. इतका लहान निघतो.

भावाने शीट नव्याने काढली. या वेळी कोपरा का जाड ते त्याने आंब्याच्या फांदीचं छोटं चित्र काढून दाखवलं, सरांना आवडलं म्हणे. पण सेक्शनच्या बाजूला त्याने आणखी एक ड्रॉइंग जोडलं होतं जे कोणी मागितलं नव्हतं : दोन फ्रेम उभ्या, मध्ये ब्रेसिंगची फुली, तिसरी हवेत, आणि तुटक रेषांनी दोर. ज्युरीत बाहेरून आलेल्या एका बाईंनी विचारलं, हे तात्पुरते दोर कशाला दाखवलेत, फायनल बिल्डिंगमध्ये तर नसणार. त्याने काय उत्तर दिलं ते मला सांगत नाही.

शीटचा फोटो त्याने घरच्या ग्रुपवर टाकला. आईने नमस्काराचे हात पाठवले. पप्पांचा तासाभराने व्हॉइस मेसेज आला. मागे ग्राइंडरचा आवाज होता.

"चांगलंय. पण दोर एकाच बाजूनं दावलाईस. दोन्ही बाजूनं काढ. वारं कुठनं येईल सांगता येतंय व्हय?"